पाण्याचा काटा आणि तेलाचा काटा



आपल्या घरांतील तरुणांना वेगवान मोटारींचे आकर्षण आहे. अपरिग्रहाच्या दृष्टीने त्याविषयी मतभेद असू शकतात. माझ्याही मनात ते होते. परंतु वस्तू एकदा घरात आली की ती नीट सांभाळणे हे गृहस्थाचे कर्तव्य ठरते. माझ्या पुतण्याने टर्बो पेट्रोल इंजिनाची स्पोर्ट्स कार घेतली. त्या गाडीने मला या वयात एक धडा दिला. तो येथे मांडतो, कारण त्यात चूक माझीही होती.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीस गेलो. मुक्कामी पोहोचल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, दोन मिनिटे इंजिन चालू ठेवतो. तेल तापले आहे.” मी समोरच्या काट्याकडे पाहिले. तो बरोबर मध्यावर होता. “काटा तर जागेवर आहे. उभ्या गाडीत पेट्रोल कशाला जाळतोस?” असे मी म्हणालो. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये म्हणून त्याने इंजिन बंद केले आणि पुढेही तीच सवय ठेवली. काही महिन्यांनी टर्बो निकामी झाला. मिस्त्रींनी टर्बोला तेल पुरवणारी नळी दाखवली; आतून तिच्यावर काळा, कडक थर बसला होता. ते म्हणाले, “हे एका दिवसाचे काम नाही, सवयीचे आहे.” बिलाची रक्कम मोठी होती, परंतु मला बोचला तो माझा उपदेश.

मी पाहिला तो काटा पाण्याचा होता. अनेक आधुनिक गाड्यांत पाणी ऐंशी अंशांवर असो वा शंभरावर, हा काटा मध्यावरच राहतो. तेलाची गोष्ट वेगळी आहे. ते बेअरिंगांना वंगण देते, पिस्टनची उष्णता वाहून नेते, आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचा दांडाही त्याच्याच पातळ थरावर तरंगतो. ते पाण्यापेक्षा सावकाश तापते आणि सावकाशच निवते. घाटात वाहनाचा वेग कमी असतो, म्हणून समोरून वारा कमी मिळतो. मात्र खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि भार दोन्ही अधिक असतात. म्हणून सपाट महामार्गापेक्षा घाटातच तेल अधिक तापते. त्या दिवशी पडद्याच्या दुसऱ्या पानावर तेलाचा आकडा १२८ अंश सेल्सिअस होता, हे पुतण्याने मला पुढे सांगितले. इंजिन तत्काळ बंद केले की तेलाचा प्रवाह थांबतो, टर्बोतील उष्णता मात्र तेथेच राहते, आणि अडकलेले तेल करपून कोळसा होते.

रस्त्यावरील स्पोर्ट्स कारमध्ये ९० ते ११० अंश ही तेलाची सुखाची पातळी. दमदार चालवताना १२० पर्यंत चिंता नाही. १३० च्या पुढे आकडा रेंगाळू लागला तर पाय सैल करावा. एक ढोबळ नियम आहे, तो व्यापाऱ्यांना चटकन उमगेल: तापमान दर १० अंशांनी वाढले की तेल बिघडण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे ११० ऐवजी १३० अंशांवर तो चौपट. चक्रवाढ व्याज देणाऱ्याला दिसत नाही, फक्त भरावे लागते, हेही तसेच.

टर्बो बदलल्यावर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. एका गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने पुतण्याने मोठा ऑइल कूलर बसवला, पण त्याला थर्मोस्टॅट नव्हता. घर ते पेढी अंतर तीन किलोमीटर. हिवाळ्यात तेलाचा आकडा ६५ च्या वर जाईना. थंड तेल चांगले, अशी आमची समजूत. परंतु एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील थोडा अंश आणि न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरते. तेल नीट तापले तर ते उडून जाते. न तापले तर तेथेच साचते. तेल भरण्याच्या झाकणाखाली पिवळट साय जमली, तेलाला पेट्रोलचा वास येऊ लागला, आणि मोजपट्टीवरील पातळी कमी होण्याऐवजी वाढली. वाढलेली पातळी पाहून मला समाधान वाटले होते! बँकेत कर्जप्रकरणे तपासताना विक्रीचा आकडा वाढला म्हणून रोकड वाढली असे मी कधी मानले नाही. येथे मात्र फसलो.

जुन्या मिस्त्रींनी तेल व फिल्टर बदलले आणि फिल्टरखाली थर्मोस्टॅट असलेली तबकडी बसवली. आता सुमारे ८५ अंशांपर्यंत तेल कूलरकडे जात नाही. त्यानंतर वाट उघडते. त्यांनी सांगितलेले नियम असे:

सकाळी इंजिन सुरू करून उभे ठेवू नये. अर्ध्या मिनिटात निघावे, पण तेल ८० अंशांना पोहोचेपर्यंत फेरे कमी ठेवावेत.

आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवावी, म्हणजे साचलेला ओलावा उडून जातो.

घाटानंतरचे शेवटचे तीन-चार किलोमीटर सावकाश चालवावेत. तेल वाटेतच निवते आणि उभ्या गाडीत पेट्रोल जाळावे लागत नाही.

तेलाची श्रेणी गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावी. ५डब्ल्यू-४० मधील ४० हा आकडा १०० अंशांवरील दाटपणा दर्शवतो. अधिक दाट म्हणजे अधिक चांगले, असे नव्हे.

ज्यांचे घर आणि दुकान जवळजवळ आहे, त्यांनी किलोमीटरची वाट न पाहता मुदतीआधी तेल बदलावे. काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. त्याने असंख्य जीवांची हानी होते. ते अधिकृत संकलकाकडेच द्यावे.

पाऊल टाकण्यापूर्वी पुढची भूमी पाहावी, ही ईर्या समिती साधूंसाठी सांगितली आहे. गृहस्थाने आपल्या शक्तीप्रमाणे जयणा पाळावी. जयणा म्हणजे लक्षपूर्वक वागणे. पेट्रोल वाचवा, हा माझा आग्रह चुकीचा नव्हता. न पाहता केलेला आग्रह चुकीचा होता. पुन्हा पाचगणीस गेलो, तेव्हा चढ संपल्यावर पुतण्याने वेग कमी केला. मी पडद्याचे दुसरे पान उघडायला सांगितले. दारात पोहोचलो तेव्हा आकडा ९८ होता. “आता बंद कर,” मी म्हणालो, आणि या वेळी तो हसला.