गाडी चालवायची की नाही, हे कोणत्या डॉक्टरने सांगायचे?

चाळिशी ओलांडलेल्याला आणि व्यावसायिक वाहन चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाला परवान्यासाठी 'फॉर्म १-ए' हे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. दूरची नजर, कान, हातपाय आणि सांधे विशेष लक्ष देऊन तपासल्याचे डॉक्टर त्यावर लिहून देतात. बहुतेकदा अर्जदाराला ते प्रथमच पाहत असतात. ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे तोच माणूस वर्षानुवर्षे उपचार घेतो, त्याला मात्र कोणी काही विचारत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८६ भार टाकते तो खुद्द चालकावर: धोकादायक आजार आहे हे ठाऊक असून गाडी चालवली, तर दंड. पण उन्मादाच्या भरात असलेल्याला आपण आजारी आहोत हेच पटत नसते. २५ जानेवारी २०१२ रोजी पुण्यात स्वारगेटहून एसटी पळवून नऊ जणांचे बळी घेणाऱ्या चालकाच्या खटल्यात मनोविकाराचा बचाव मांडला गेला आणि न्यायालयांनी तो फेटाळला. चालकाच्या मनःस्थितीचा विचार आपल्याकडे होतो तो असा, जीव गेल्यानंतर.

यावर 'मनोरुग्णांना परवानाच नको' हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचेही. नैराश्यावर नियमित गोळ्या घेऊन कामावर जाणारा माणूस आणि भास होत असताना स्टेअरिंग धरणारा माणूस यांना एका मापाने मोजता येत नाही. निदानाच्या नावापेक्षा आजची लक्षणे, औषधाने येणारी झोप आणि वाहनाचा प्रकार महत्त्वाचा. ब्रिटनचे नियम हाच भेद करतात. तीव्र सायकोसिसच्या झटक्यानंतर तिथे गाडी थांबवावी लागते. प्रकृती तीन महिने स्थिर राहिली, औषधे वेळेवर घेतली गेली, तर मोटार पुन्हा चालवता येते. बस किंवा ट्रकसाठी हीच मुदत साधारण बारा महिन्यांची आहे. बंदीला मुदत असली की रुग्णाला उपचार टिकवण्याचे कारण मिळते.

मग डॉक्टरांनी थेट आरटीओला कळवावे, अशी सक्ती का नको? कॅनडातील ओंटारिओचा अनुभव इथे बोलका आहे. तिथे डॉक्टरांनी वाहन चालवण्याविरुद्ध इशारा दिलेल्या एक लाखाहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळेच मनोरुग्ण नव्हते. इशाऱ्यानंतर अपघातांचे वार्षिक प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घटले, म्हणजे डॉक्टरांच्या शब्दाला वजन आहे. पण त्याच रुग्णांच्या नैराश्यासाठी तातडीच्या विभागात होणाऱ्या भेटी वाढल्या आणि इशारा देणाऱ्या डॉक्टरांकडे परत येणे कमी झाले. आपल्याकडे तर मानसोपचाराची पायरी चढायलाच लोक कचरतात. तिथे परवाना जाण्याची भीती घातली, तर रिक्षावर पोट असलेला माणूस आजार लपवेल आणि उपचारांविना रस्त्यावर येईल.

गोपनीयतेचा आक्षेप खरा आहे, पण कायद्याने त्याला वाट ठेवली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगते आणि दुसऱ्याला इजा टाळण्यासाठी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अपवादही देते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार आजाराचे सबळ कारण असल्यास परवाना अधिकारी नवे प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. दोन्ही टोके आहेत. कोणत्या अवस्थेत, कोणत्या वाहनासाठी, किती मुदत थांबायचे, हे सांगणारी मधली नियमावली हवी. डॉक्टर भविष्य सांगू शकत नाही, हे कबूल. पण औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना 'झोप येते का, ते कळेपर्यंत गाडी नको' असे केसपेपरवर लिहिणे आणि पुढच्या भेटीला त्याची विचारपूस करणे त्याला जमते. रुग्ण समजावूनही ऐकत नसेल आणि धोका ढळढळीत असेल, तेव्हाच, आणि त्याला सांगूनच, आरटीओला कळवावे. हा निर्णय एकेका डॉक्टरच्या धाडसावर सोडता कामा नये. त्याच्या पाठीशी लेखी निकष असले, तरच तो वेळेवर बोलेल.