तात्पर्य काय लिहू?

हॅरिस बर्डिक नावाचा माणूस कधी नव्हताच, हे आधीच सांगून टाकते. तो भेटतो ख्रिस व्हॅन ऑल्सबर्गच्या (हो, तोच, 'जुमांजी'वाला) १९८४ सालच्या 'द मिस्टरीज ऑफ हॅरिस बर्डिक' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत. हा बर्डिक एका प्रकाशकाकडे चौदा चित्रं घेऊन येतो, प्रत्येकाची गोष्ट लिहून तयार आहे म्हणतो, उद्या आणून देतो असं सांगून जातो आणि परत येतच नाही. मागे राहतात चित्रं, त्यांची नावं आणि प्रत्येकाखाली एक-दोन ओळी. बास, एवढंच पुस्तक!

चित्रं काळी-पांढरी, अगदी शांत. गालिच्याखाली एक फुगवटा आलाय आणि एक गृहस्थ त्याच्यावर खुर्ची उगारून उभे आहेत. भिंतीच्या कागदावरच्या पक्ष्यांपैकी एकाचा पंख कागदातून सुटून वर आलाय. एका भव्य चर्चमध्ये खुर्चीत बसलेली जोगीण हवेत तरंगतेय, आणि समोरच्या पाद्र्यांना त्याचं विशेष काही वाटत नाहीये. मला सगळ्यात भीती वाटते ती त्या पाद्र्यांची :)

या चित्रांवर जगभरच्या शाळांमधली मुलं गोष्टी लिहीत आली आहेत. २०११ मध्ये मोठ्या लेखकांनीही लिहिल्या, 'द क्रॉनिकल्स ऑफ हॅरिस बर्डिक' या नावाने. त्यातली स्टीफन किंगची गोष्ट (ती त्याने १९९३ मध्येच एका संग्रहात छापली होती) मला आवडते. चित्रात एक घर जमिनीवरून उडतंय. घरात छळवादी सावत्र बाप, चार भावंडं, आणि भिंतींच्या आत हळूहळू वाढत जाणारं धातूचं यंत्र. घर का उडतं ते किंग सांगतो, पण बापाला घेऊन ते कुठे पोचतं ते सांगत नाही. म्हणून गोष्ट संपल्यावरही चित्र बघावंसं वाटतं. याच संग्रहात सुरवंटांच्या चित्रावर खुद्द व्हॅन ऑल्सबर्गने गोष्ट लिहिली आहे. माझं स्पष्ट मत, त्याने ती लिहायला नको होती. बर्डिक परत येणार नाही हाच तर करार होता ना!

आता घरचं सांगते. भाची सहावीत असताना परीक्षेत चित्रावरून गोष्ट लिहायची होती. नदीकाठ, म्हातारा, बंद पेटी. तिच्या गोष्टीत म्हातारा रात्रभर पेटीशेजारी बसतो आणि सकाळी ती न उघडताच घरी जातो. पाचपैकी दोन मार्क. शेरा : 'शेवट अपूर्ण, तात्पर्य नाही.' ताईने पेपर दाखवला तेव्हा मी ती गोष्ट दोनदा वाचली. अहो, अकरा वर्षांच्या मुलीला ती पेटी बंद ठेवायचं सुचलं, हे केवढं आहे!

बाईंचीही बाजू मला कळते. साठ पेपर, ठरलेले निकष, शीर्षकाला एक, तात्पर्याला एक. मार्क द्यायचे तर मोजता येईल असं काहीतरी लागतंच. पण त्यानंतर भाचीच्या प्रत्येक गोष्टीत एक लाकूडतोड्या किंवा शेतकरी येतो आणि कष्टाचं फळ गोड निघतं. मार्क पाचपैकी साडेचार. ताई खूश आहे. मला मात्र त्या साडेचारांचा राग येतो. मुलगी शहाणी आहे, काय खपतं ते तिला कळलं.

मे महिन्यात बर्डिकचं पुस्तक तिच्या हातात दिलं. बराच वेळ ती पंख सुटलेल्या पक्ष्यावर अडकली होती. मग विचारलं, "मावशी, याचं तात्पर्य काय लिहू?" मी म्हटलं, काही नको. तर म्हणे, "मग संपली हे कळणार कसं?"

प्रश्न बिनतोड आहे. माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून खो देतेय. गालिच्याचं चित्र घ्या, पंधरा ओळींत लिहा. गालिच्याखाली काय आहे ते मात्र सांगायचं नाही. मामा, तुम्हीसुद्धा!