लुगड्याचा दांड आणि नफ्याची घाई

जुन्या वस्त्रांचे गोडवे गाणारी प्रदर्शने आणि व्याख्याने नाशिकच्या सुखवस्तू मंडळींत हल्ली प्रिय आहेत. आजीचे नऊवारी लुगडे निसर्गाला धरून, आणि आजची तरुण पिढी उधळी, असा हा निवाडा. त्यात कारखानदाराचे नाव कोठेच येत नाही.

लुगडे टिकत असे हे खरे. पण ते आपोआप टिकत नव्हते. न शिवलेले नऊ वार सुती कापड मध्येच विरले, की बाई विरलेला भाग काढून टाकी आणि धड तुकडे जोडून दांड घाली. तेही विटले की त्याची दुपटी होत, मग गोधडी, शेवटी पोतेरे. एका वस्त्राचे हे चार जन्म बाईच्या कोणी न मोजलेल्या श्रमांवर उभे होते. शिवाय दांडाचे लुगडे ही हौस नव्हती, दारिद्र्याची खूण होती. पेटीत पैठणी असलेल्या घरांना ती कधी नेसावी लागली नाही. काटकसरीची प्रवचने मात्र तिथूनच येतात!

त्या दारिद्र्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. टिकाऊ कापड वापरणाऱ्याच्या हिताचे असते, भांडवलाच्या नव्हे. कपडा दहा वर्षे टिकला तर दुसरा विकायचा कोणाला? म्हणून तो फाटण्याआधीच जुना ठरवावा लागतो, आणि न कुजणाऱ्या कृत्रिम धाग्याचे ढीग साचतात. या घाईची किंमत कोण मोजतो? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. भिंतींना तडे गेलेले दिसत असताना शिवणकामगारांना कामावर बोलावण्यात आले होते.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. मालेगावचा यंत्रमाग कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी घेतो. येवल्याचा विणकर एकेका पैठणीवर महिनोन् महिने बसतो, आणि बाजारात कृत्रिम धाग्याची, यंत्रावर विणलेली साडी पैठणी म्हणून खपते. हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला. आरंभीचे २२ प्रकार पुढे ११ वर आणले गेले. २०२० साली केंद्र सरकारने अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केले, पाठोपाठ यंत्रमाग मंडळही. ज्यांना एकमेकांचे वैरी म्हणून उभे केले जाते, त्या दोघांचीही गाऱ्हाणे मांडण्याची जागा एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात गेली.

प्रदर्शने खुशाल भरवावीत. फक्त पैठणीच्या किमतीच्या चिठ्ठीशेजारी विणकराच्या हाती त्यातले किती पडले, तो आकडाही लिहावा.