फिरत्या एजंटांवरचे आक्षेप

फिरता सॉफ्टवेअर एजंट म्हणजे चालू कामाची स्थिती सोबत घेऊन एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारा आणि पुढचा मुक्काम स्वतः ठरवणारा प्रोग्राम. १९९४ च्या सुमारास जनरल मॅजिक कंपनीने टेलिस्क्रिप्ट ही भाषा याच कल्पनेवर उभारली. मागोमाग आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेतून जावा भाषेवर आधारलेले ॲग्लेट्स आले. दोन्ही मागे पडले, आणि तेवढ्यावरून कल्पनाच फोल ठरवली गेली. हा निकाल घाईचा आहे.

पहिला आक्षेप असा, की एजंट जे करतो ते साध्या संदेशांच्या देवाणघेवाणीनेही साधते. आयबीएमच्याच हॅरिसन, चेस आणि कर्शेनबॉम यांनी १९९५ च्या अहवालात हे जवळपास मान्य केले होते. मात्र सुटे फायदे निर्णायक नसले तरी ते सारे एकाच चौकटीत मिळणे फार मोलाचे, असाही त्यांचा निष्कर्ष होता. आक्षेपकांना तो सोयीस्कररीत्या आठवत नाही. शिवाय साधते, पण किती खर्चात? १० टेराबाइट माहिती सेकंदाला १ गिगाबिट वेगाने हलवायला २२ तास लागतात. ती चाळणारा प्रोग्राम काही किलोबाइटांतही मावू शकतो. माहिती असेल तिथेच काम पाठवणारे हडूप हे सॉफ्टवेअर याच हिशेबावर चालते.

पण हडूपमध्ये काम कुठे जायचे ते नियोजक ठरवतो. अशा कामाला एजंट म्हणता येत नाही. हा प्रतिवाद रास्त आहे. एजंटाच्या बुद्धीचा खरा उपयोग वाट आधी ठाऊक नसते किंवा केंद्राशी संपर्क टिकत नाही तिथे होतो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील ॲजिला प्रणालीत अवघ्या ४ किलोबाइट रॅमच्या संवेदकांवर एजंट फिरत. वणव्याचा माग काढण्यासाठी ते स्वतःच्या प्रती काढून आगीभोवती कडे करत. तिथे प्रत्येक नोंद केंद्राला कळवून आदेशाची वाट पाहण्यात बॅटरीही संपते आणि वेळही जातो.

सर्वांत जड आक्षेप सुरक्षेचा. एजंटापासून यजमान संगणक वाचवता येतो. यजमानापासून एजंट वाचवणे महाकठीण, कारण त्याची प्रत्येक आज्ञा यजमानच चालवतो. खुल्या बाजारात खरेदी करत हिंडणाऱ्या एजंटांचे स्वप्न मोडले ते योग्यच झाले. पण एकाच संस्थेच्या हजारो संगणकांत यजमान सहसा वैरी नसतो. तिथे प्रश्न उरतो तो लगामाचा: एजंटाचे आयुष्य, प्रतींची संख्या आणि थांबवण्याची सोय. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील शॉक आणि हप यांच्या १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक ‘वर्म’, म्हणजे यंत्रायंत्रांवर आपल्या प्रती पसरवणारा प्रोग्राम, बिघडून अनेक यंत्रे कोलमडली. सर्व प्रती थांबवणारा खास संदेश आधीच योजलेला होता, म्हणूनच तो आवरता आला.