छापलं म्हणून वाचलं जात नाही

परवा आमच्या मोझरीतल्या एका व्याख्यानात ऐकलं : "छापखाना आला आणि धर्मग्रंथ घरोघर पोचले. बायबलचंच बघा." टाळ्या पडल्या. मला मात्र राहवत नाही.

यंत्र आधी, वाचक मागाहून, एवढंच वक्त्यांचं म्हणणं. गुटेनबर्गने 1455 च्या सुमारास बायबल छापलं, की पुरोहितांची मक्तेदारी संपली! अहो, ते बायबल लॅटिनमध्ये होतं, प्रती सुमारे 180. शेतकऱ्याच्या घरी त्यातली एक तरी गेली असेल का? जर्मन भाषांतरंही पुढे छापली गेली, पण लोकांनी उचलून धरला तो ल्यूथरचा 1522 चा नवा करार. यंत्र तेच होतं. भाषा बाजारातली, चुलीपाशी बोलतात ती होती.

लांब कशाला, गोव्याकडे बघा. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं. बायबलमधली कथा मराठीत, सुमारे 11 हजार ओव्यांत. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत. 1654 च्या आवृत्तीनंतर पुढची छापील आवृत्ती निघाली थेट 1907 मध्ये, मंगळूरला. मधली अडीचशे वर्षं छापखान्याने या ग्रंथाकडे पाठ फिरवली होती. तरी तो जगला. लोकांनी हातांनी उतरवून घेतला, एकाने म्हटला, बाकीच्यांनी ऐकला. वक्त्यांच्या हिशेबाने तो केव्हाच मरायला हवा होता. तो ओवीने जगवला.

छपाईने पुस्तक स्वस्त झालं, हे मान्य.

पण दार उघडतं ते आपल्या बोलीने आणि मोठ्याने वाचणाऱ्या माणसाने. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं ते साध्या बायाबापड्यांसाठी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याचे खिळे बायकांनीच जुळवले. आमच्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेचे 41 अध्याय ओवीतच लिहिले.

आमच्या घरच्या ग्रामगीतेला खाकी कव्हर आहे, कोपऱ्यांवर हळदीची बोटं उमटलेली. आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं. संध्याकाळची प्रार्थना झाली की पोथी माझ्यापुढे सरकवायची, "वाच बापू, मी आयकून रायली." एखादा शब्द मी गाळला की तिचा हात पानावर यायचा, आणि ती ओवी मला पहिल्यापासून म्हणावी लागायची.