चुलीपर्यंतचा शेतकरी

आज वसुबारस. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांमधून सकाळपासून एकच चौकशी चालू आहे: गाय कुठे मिळेल? आणि ती वासरासकट हवी. एके काळी गल्लीच्या तोंडाशीच गोठा असायचा. ताम्हण, हळदकुंकू आणि बाजरीचा घास घेऊन बायका चालत जाऊन यायच्या. गोठे शहराबाहेर गेले, तशी पूजा रिक्षात बसली. कुणी मुरारला लाल टिपाऱ्याच्या गोशाळेत जातं, कुणी चौकात कचरा हुंगणाऱ्या गाईला थांबवून तिच्या कपाळाला बोट लावतं आणि वासरू मनातल्या मनात धरतं. शेजारच्या हिंदी भाषक घरांतली बछ बारस भाद्रपदातच उरकलेली असते. त्यामुळे ऐन दिवाळीच्या तोंडावर गाय शोधत हिंडणारी ही मराठी मंडळी त्यांना अजूनही गमतीची वाटतात.

याच आठवड्यात शहरात आणखी एक वार्षिक विधी पार पडतो. मोर बाजारातल्या मावा मंडीत, बसस्टँडवर, स्टेशनात अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांची गाडी येते. भिंड-मुरैन्याकडून आलेल्या टोपल्या उतरवल्या जातात, वरचं फडकं सोडलं जातं, नमुन्याचे चार भाग करून सील होतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो. ग्वाल्हेरला दिवाळीची चाहूल आकाशकंदिलांनी लागते तितकीच या फोटोने लागते. एकीकडे दूध देणारीची पूजा, दुसरीकडे दूध आणणाऱ्याची झडती, आणि दोन्ही एकाच तिथीच्या आसपास.

झडती घेऊ नये असं आम्ही म्हणणार नाही. आमच्या भागाचं नाव या बाबतीत चांगलं नाही आणि ते उगाच बिघडलेलं नाही. जुलै २०१९मध्ये पोलिसांच्या विशेष कृती दलाने अंबाह आणि लहारकडे छापे घातले, तेव्हा शाम्पू, रिफाइंड तेल आणि ग्लुकोज पावडर घालून ‘दूध’ बनवण्याचे उद्योग उघडे पडले. सरकारने ‘शुद्ध के लिए युद्ध’ पुकारलं, भेसळ करणाऱ्यांवर राष्ट्रीय सुरक्षा कायदाही लावला. पण त्या छाप्यांत सापडले ते गोठे नव्हते. दूध गोळा करून टँकरने दूरच्या शहरांना पाठवणारे ते धंदे होते. हा फरक लोकांच्या लक्षात राहिला नाही. भेसळ म्हटलं की आजही डोळ्यांपुढे येतो तो मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी ड्रम लटकावलेला माणूस.

कायद्याने मात्र हा फरक लक्षात ठेवला आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २००६च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या अठराव्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे की हा कायदा शेतकऱ्याला, त्याच्या शेतीला, पिकाला, गुराढोरांना लागू नाही. ‘प्राथमिक अन्न’ या शब्दाची व्याख्याही अशी केली आहे की नैसर्गिक अवस्थेतला माल शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत कायदा त्याकडे बघत नाही. तोच माल दुसऱ्याच्या हातात गेला की बघतो. आमच्या मते हा कायद्यातला सर्वांत शहाणा भाग. माल आणि खाणारा यांच्यात जितके हात, तितका पहारा.

हे शहाणपण चुलीपाशी संपतं. तेच दूध त्याच शेतकऱ्याच्या बायकोने विरजलं, घुसळलं, कढईत आटवलं, की ते ‘नैसर्गिक अवस्थेत’ राहत नाही. तिथून पुढे ते घर खाद्य व्यवसाय. २०११च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंतची उलाढाल असलेल्याला परवाना नको, नोंदणी पुरे असं ठरवलं, आणि तिचं शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये ठेवलं. शंभर रुपये कुणाला जड नाहीत. जड आहे ते बाकीचं: एमपी ऑनलाइनच्या दुकानापुढची रांग, आधार, फोटो, ओटीपी मुलाच्या फोनवर आणि मुलगा सुरतेला, आणि त्यात मोडलेला आख्खा दिवस. म्हशीला सुट्टी नसते.

आमच्या गल्लीत येणाऱ्या दूधवाल्यांना सगळे दाऊ म्हणतात. आमच्याकडे त्यांचा रतीब वीस वर्षांचा. एकदा त्यांना हे अठरावं कलम समजावून सांगितलं, तर त्यांनी ड्रमचं झाकण उघडून आत बघितलं आणि विचारलं, यातलं शेतकऱ्याचं कोणतं आणि व्यापाऱ्याचं कोणतं? प्रश्न मिस्कील होता, पण खरा होता. घरच्या चार म्हशी. त्यातली एक आटली की शेजारच्या दोन घरचं दूध त्याच ड्रममध्ये पडतं. घरच्या दुधापुरते दाऊ कायद्याच्या बाहेर आणि शेजारच्या दुधापुरते आत. प्रत्यक्षात ते एकटेच मोटारसायकलवर बसलेले असतात आणि ड्रम एकच असतो. सहकारी संस्थेला सगळं दूध घालणाऱ्या सभासदाला नोंदणीतून सूट आहे. पण स्वतःच्या गिऱ्हाइकाला स्वतः दूध घालणारा, म्हणजे ज्याचं तोंड आपल्याला रोज दिसतं तो, या धूसर पट्ट्यात उभा राहतो. धूसर पट्ट्यात काय होतं ते या देशात राहणाऱ्याला सांगायला नको.

मानकांचंही असंच. गाईच्या दुधात किमान ३.२ टक्के स्निग्धांश आणि ८.३ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असावेत, असा नियम आहे. खाली आलं की माल ‘कमअस्सल’ आणि दंड पाच लाखांपर्यंत. कोरड्या कडब्यावर उन्हाळा काढणाऱ्या गाईचं दूध थेंबभर पाणी न घालताही खाली येऊ शकतं. कागदावर पाणी घालणारा आणि गरीब गाईचा मालक एकाच रकान्यात. २०१८ साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. गुणवत्तेच्या आकड्यांत बरेच नमुने कमी पडले, पण जिवाला अपाय होईल अशी भेसळ सापडली ती अवघ्या १२ नमुन्यांत. त्याच पाहणीत ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर निघालं, आणि ते सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक होतं. हे विष येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून. दिवाळीच्या आठवड्यात टोपली उघडून ते सापडत नाही. पावसाळ्यात पेंडीच्या गोदामात जावं लागतं. तिथे फोटो चांगला येत नसावा.

आता खव्याचा हिशेब. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. गाईच्या दुधाला याहून जास्त लागतं. तेव्हा दुधाचा चालू भाव घ्यावा, पाचाने गुणावं, वर सरपण आणि मजुरी धरावी. बाजारातला खवा त्याहून स्वस्त असेल तर प्रयोगशाळेची गरज नाही, तोंडी गणित पुरतं. आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं तर पीठ मिसळलं आहे हे कळतं, पण ते झालं पिठाचं. बाकी लबाड्यांना आयोडीन पुरत नाही, गुणाकार पुरतो. दिवाळीत शहराला खवा कितीतरी पट लागतो. म्हशी या दिवसांत नव्याने व्यालेल्या असतात, दूध वाढतं हे खरं, पण कितीतरी पट नाही वाढत. मधली तूट कुठून भरून निघते हे मिठाईवाल्याला ठाऊक असतं, गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. तरी आपण गेल्या वर्षीच्याच भावात दोन किलो पेढे मागतो. या पापात आमचाही वाटा आहे, तो आम्ही टोपलीवाल्यावर ढकलणार नाही.

शिवाय वेळेचा घोळ आहेच. कायद्याने अन्न विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस दिले आहेत, आणि ग्वाल्हेरचे नमुने अनेक वर्षं भोपाळला जात आले. आज वसुबारसेला घेतलेला नमुना घ्या. सहाव्या दिवशी भाऊबीज, पेढे संपले. चौदा दिवस मोजले तर सरळ कार्तिकी एकादशी येते. खवा खराब होता हे आपल्याला कळायचं ते उपासाच्या दिवशी. मध्यंतरी टोपलीतला माल जप्त झाला असेल तर तो नासतो, आणि अहवाल चांगला आला तरी नासलेला माल चांगला होत नाही. मोठ्या कारखानदाराला हे सोसतं. तीन किलो खवा डोक्यावर घेऊन भिंडच्या बसमधून उतरलेल्या बाईला नाही.

बाजारावर सरकारी अंकुश आला तो उलट्या बाजूने, हे आज कुणाला आठवत नाही. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ झाली, पुढे १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस धड मिळावा हा गोऱ्या साहेबांचा हेतू लपलेला नव्हता. पण त्या कायद्यात बंधन होतं ते काट्यात मारणाऱ्या अडत्यावर आणि दलालावर. शेतकरी हा फसवला जाणारा, असं गृहीत होतं. सव्वाशे वर्षांत तोच शेतकरी थेट गिऱ्हाइकाकडे निघाला तर फसवणारा असल्याच्या संशयात सापडला. महाराष्ट्राने २०१६मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या कक्षेतून काढला, पुण्या-मुंबईत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरू लागले. भाजी मोकळी झाली. दुधाला मात्र विस्तव लागला की कागद लागतो.

ओळख म्हणजे तपासणी, असा भाबडेपणाही आमच्याकडे नाही. दाऊंचा चेहरा वीस वर्षांचा ओळखीचा असला तरी त्यांच्या म्हशीला ब्रुसेलोसिस आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही. आपल्याला तारलं आहे ते दूध तापवण्याच्या सवयीने. निरसं दूध तसंच पिणाऱ्या देशांना कायदे कडक करावे लागले. स्कॉटलंडने १९८३पासून निरशा दुधाची विक्रीच बंद केली. शेजारच्या इंग्लंडने दुकानातून विकायला मनाई केली, पण शेतकऱ्याने बाटलीवर इशारा छापून आपल्या गिऱ्हाइकाला थेट विकावं, ही वाट मोकळी ठेवली. अमेरिकेच्या २०११च्या कायद्याने वर्षाला पाच लाख डॉलरपेक्षा कमी विक्री असलेल्या आणि निम्म्याहून जास्त माल थेट किंवा जवळपास विकणाऱ्या शेतकऱ्याला मोठ्या नियमांतून बरीच सूट दिली. बदल्यात मागितलं काय, तर मालाजवळ आपलं नाव आणि पत्ता लावायचा. त्यांची जवळपासची व्याख्या २७५ मैलांची आहे. त्या हिशेबाने आमचे दाऊ भोपाळपर्यंत जाऊनही जवळचेच राहतील. तो विनोद सोडून द्या, पण नाव-पत्त्याची अट आम्हाला पटते.

घरच्या जनावरांच्या दुधाचं दही, तूप, खवा करून आपल्याच जिल्ह्यात स्वतः विकणाऱ्याला अठराव्या कलमातली सूट चुलीच्या पलीकडेही मिळावी. त्याने गाव, नाव आणि कढई उतरवल्याची तारीख मालाबरोबर द्यावी, बस. शेतकऱ्याला ही सूट गावाच्या पंचायतीत, एका कागदावर मिळावी, पोर्टलवर नव्हे. आणि जी टोपली कुणाची, कुठली, कधीची हे सांगायला कुणी पुढे येत नाही, तिला कायद्याचं सगळं बळ दाखवावं. दिवाळीतही दाखवावं आणि ज्येष्ठातही. चालती-फिरती तपासणी गाडी या राज्यात आहे. ती महिन्यातून एकदा वाड्यांच्या गल्लीत उभी राहिली आणि बायकांनी आपापल्या पातेल्यातलं दूध आणून तिथल्या तिथे तपासून घेतलं, तर दाऊंनाही ते हवंच आहे. त्यांच्याशी स्पर्धा करणारा पाणी घालतो आणि दोन रुपये कमी घेतो, ही त्यांची जुनी तक्रार.

याच शहरात १९०५ साली माधवराव शिंद्यांनी जनावरांचा मेळा भरवला. जनावर घेणारा आणि विकणारा समोरासमोर यावेत, दात बघून, कास चाचपून सौदा व्हावा, म्हणून. आता त्या मेळ्याची जाहिरात होते ती मोटारींवरच्या रस्ता करातल्या सवलतीची. ग्वाल्हेरकरांना सूट कुठे द्यायची हे कळत नाही असं कोण म्हणेल?

आज सकाळी दाऊ नेहमीच्या वेळी आले. आज घरात गाईचं दूध चालत नाही हे त्यांना सांगावं लागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच्या चौकोनात ‘म्हैस १, गाय नाही’ असं लिहिलं गेलं. मागचे चौकोन बघितले तर श्रावणात दोनदा दूध फाटल्याची नोंद आहे, एकदा ‘पातळ’ असा शेरा आहे आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर फुकट. दोन्ही बाजूंच्या सह्या नाहीत, पण वाद झालेला आठवत नाही.

जाताना त्यांनी मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेली पितळी लोटी काढून दिली. म्हैस परवा व्याली, त्यातला चीक. दूध कशाला म्हणावं ते कायद्याने ठरवलं आहे, त्यात चीक असता कामा नये ही अट आहे. तेव्हा लोटीत होतं ते दूध नव्हे. त्याचे पैसे दाऊ घेत नाहीत, त्यामुळे ती विक्रीही नव्हे. उद्या खरवस होईल. लोटी घासून ओट्यावर पालथी ठेवली आहे. ती रिकामी परत द्यायची नसते, आणि आत काय घालावं यावर घरात खल चालू आहे, कारण चकल्या अजून तळायच्या आहेत.