ट्रिपसाठी कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यायचा की हातातला फोनच पुरे? झरीतून मांडलेला हिशेब

‘भाऊ, डिजिकॅम घेऊ का?’ हा प्रश्न आता आमच्या झरीतही ऐकू येतोय. इन्स्टाग्रामवर फ्लॅश मारलेले, थोडे धुरकट, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचे वाटणारे फोटो फिरतायत. ते बघून फोन खिशात ठेवावा आणि छोटा कॅमेरा घ्यावा असं अनेकांना वाटतं. त्यात फोनही महाग होतायत. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची मागणी प्रचंड वाढली, २०२५ च्या शेवटी चिपचे भाव चढले आणि त्याचा भार फोनच्या किमतीवर आला.

इकडे सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली पिकं झोपवली. अशा वर्षी घरातून २० हजार मागायचे किंवा हप्त्यावर वस्तू घ्यायची, तर ती कशासाठी घेतोय हे आधी कळलं पाहिजे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: आपल्यापैकी बहुतेकांना ट्रिपसाठी स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची गरज नाही. का, ते बघू.

कॉम्पॅक्ट खरंच ‘परत आला’ का?

जपानी कॅमेरा कंपन्यांची ‘सिपा’ ही संघटना दरवर्षी विक्रीसाठी बाहेर पडलेल्या कॅमेऱ्यांचे आकडे देते. २०१० मध्ये सगळे डिजिटल कॅमेरे मिळून हा आकडा १२ कोटींच्या वर होता आणि त्यात बहुतांश कॉम्पॅक्टच होते. २०२३ मध्ये एकूण आकडा सुमारे ७७ लाखांवर आला, त्यात कॉम्पॅक्ट जेमतेम १७ लाख. २०२४ मध्ये कॉम्पॅक्ट १९ लाखांच्या जवळ गेले. म्हणजे वाढ झाली, पण खोल विहिरीच्या तळाला थोडं पाणी वाढावं तेवढीच.

मधल्या काळात कंपन्यांनी स्वस्त मॉडेल बंद केली. आता मागणी थोडी वाढली तरी माल कमी, म्हणून भाव चढे. कॅननने २०१६ चं ‘एल्फ ३६०’ हे मॉडेल २०२५ मध्ये किरकोळ बदल करून पुन्हा आणलं, आणि तेही पहिल्यापेक्षा बऱ्याच चढ्या किमतीला. दुसऱ्या टोकाला फुजीफिल्मचा ‘एक्स १०० सिक्स’ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत १,५९९ डॉलर होती, तरी लोक महिनोन् महिने वाट बघत होते. दोन्हींच्या मधला, आपल्याला परवडेल असा कॅमेरा फोनने कधीच खाऊन टाकलाय.

सेन्सरचं गणित

फोटोसाठी मुख्य गोष्ट म्हणजे उजेड. जेवढा सेन्सर मोठा आणि लेन्सचं छिद्र मोठं, तेवढा उजेड जास्त. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुधा १/२.३ इंचाचा सेन्सर असतो, त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. चांगल्या मध्यम फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात १/१.५६ इंचाचा सेन्सर मिळतो, तो सुमारे ५० चौरस मिलिमीटरचा. म्हणजे इथे फोनच पुढे!

आता छिद्र बघा. ‘एल्फ ३६०’ झूम न करता एफ ३.६ ला सुरू होतो. फोन एफ १.८ च्या आसपास असतो. हा आकडा निम्मा झाला की उजेड चौपट येतो. वर फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन एकत्र करतो. संध्याकाळी किंवा देवळाच्या मंडपात फोन सरस का ठरतो, ते यावरून कळेल.

मेगापिक्सेलला भुलू नका. ५० मेगापिक्सेलचा फोन साधारण चार पिक्सेल जोडून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि १३ बाय १० इंचाच्या चांगल्या प्रिंटला तेवढं पुरतं. मागे चिकटवलेली २ मेगापिक्सेलची ‘मॅक्रो’ लेन्स ही बऱ्याचदा नुसती संख्या वाढवायला असते.

मग कॅमेरा कुठे जिंकतो? दोन ठिकाणी. एक, ऑप्टिकल झूम. ‘एल्फ ३६०’ मध्ये तो १२ पट आहे, तर साध्या फोनचा झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं. दोन, एक इंची सेन्सरचे कॉम्पॅक्ट, जसे सोनीचे ‘आरएक्स १००’ किंवा कॅननचा ‘जी ७ एक्स’. यांचा सेन्सर सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा असतो. फोटो खरंच वेगळे येतात, पण किंमत मध्यम फोनच्या कितीतरी पट.

झरीहून निघालात तर

आपल्या भागातल्याच जागा घ्या. लोणारचं विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहिल्यावर झूम नको, रुंद लेन्स हवी, आणि ती बहुतेक मध्यम फोनमध्ये असते. चारठाण्याची जुनी मंदिरं बघताना सावली आणि ऊन एकाच फ्रेममध्ये येतं. तिथे फोनचा एचडीआर साध्या कॉम्पॅक्टपेक्षा चांगलं काम करतो. औंढा नागनाथला बाहेरच्या भिंतीवर उंचावर शिल्पं आहेत. तिथे दोन-तीन पट झूम लागतो, म्हणून टेलिफोटो लेन्स असलेला फोन उपयोगी. येलदरी धरणावर पक्षी टिपायचे असतील, तरच मोठ्या झूमचा कॅमेरा खरा कामाचा. आणि अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, त्यामुळे डिजिकॅमची सगळी गंमत तिथे दाराबाहेरच राहते.

जुना डिजिकॅम घेणारच असाल तर

हौस म्हणून घेतला तर काही चूक नाही, तो ‘लूक’ खरंच मजेशीर आहे. पण ‘व्हिंटेज’ म्हणून सांगितलेल्या भावाला लगेच हो म्हणू नका. तीन गोष्टी तपासा. त्या मॉडेलची बॅटरी आज मिळते का? कार्ड कोणतं लागतं? जुने ऑलिम्पस आणि फुजी एक्सडी कार्ड मागतात, जुने सोनी मेमरी स्टिक, आणि काही जुने कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखतच नाहीत. शेवटी, लेन्स बाहेर येऊन नीट आत जाते का, हे चार-पाच वेळा समोर चालू-बंद करून बघा. फक्त रीलमधले फोटो बघून पैसे पाठवू नका.

माझा सल्ला

फोन तीन वर्षांच्या आतला असेल, तर नवीन काहीच घेऊ नका. लेन्स सुती कापडाने पुसा, ग्रिड चालू करा, छोटा ट्रायपॉड आणि पॉवर बँक घ्या. फोन बदलायचाच असेल, तर मुख्य सेन्सरचा आकार, ओआयएस आणि टेलिफोटो या तीन गोष्टी बघा. मेगापिक्सेल नंतर. कॅमेऱ्यावर खर्च करायचाच असेल, तर एक इंची सेन्सरपर्यंत पैसे साठेपर्यंत थांबा. अर्धवट बजेटमध्ये घेतलेला कॅमेरा महिन्याभरात कपाटात जातो.

आणि फोटो काढण्याइतकंच ते जपणं महत्त्वाचं. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ ला संपली, आता सगळं मिळून १५ जीबीच मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होतो, म्हणून मित्राला मूळ फाइल हवी असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ट्रिपहून आलात की एक प्रत पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर ठेवा. फोन हरवेल, फुटेल, विकलाही जाईल. आजी-आजोबांसोबत औंढ्याला काढलेला फोटो मात्र पुन्हा काढता येईलच असं नाही.